फिक्या फुलांचा कडेचा ताटवा: पावसाळ्यापासून मार्चपर्यंतचा अनुभव

नाशिकच्या आमच्या घरी कुंपणाच्या भिंतीलगत गेल्या जूनमध्ये मी पांढऱ्या आणि फिक्या रंगांच्या फुलांचा ताटवा केला, तो शोभेसाठी नव्हे. परसातल्या दुधी भोपळ्याची कोवळी फळे पिवळी पडून गळत होती आणि रोज संध्याकाळी नरफूल तोडून मादीफुलावर टेकवण्याचा मला कंटाळा आला होता. दुधीचे फूल पांढरे असते आणि दिवस मावळताना उमलते, त्यामुळे त्याच्याकडे वळणारे पतंग आणि दिवसा फिरणाऱ्या मधमाश्या, दोन्ही आमच्या आवारात यावेत, एवढीच अपेक्षा होती. माती, पाणी आणि खत यांविषयी बागकाम करणाऱ्यांना नव्याने सांगण्यासारखे काही नाही. मला लिहायचे आहे ते मुख्यतः डबल, म्हणजे पाकळ्यांचे अनेक थर असलेल्या, फुलांविषयी, कारण माझे सर्वाधिक पैसे त्यांतच गेले.

जवळच्या रोपवाटिकेत ‘मधमाश्यांसाठी पांढरी झाडे’ असे स्पष्ट सांगून मी रोपे मागितली होती. मिळाली ती डबल तगर, बटमोगरा आणि डबल निशिगंधाचे कंद. पावसाळ्यात तगर भरभरून फुलली, परंतु तिच्यावर एकही माशी स्थिरावत नव्हती. फूल हातात घेऊन उकलले, तेव्हा कारण कळले: पाकळ्यांच्या आत पाकळ्या आणि त्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही. डबल फुलांत बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागही नसतो किंवा नाममात्र असतो. मी रोपे बदलून मागितली, तर ‘ताई, एकदा जमिनीत लागलेले रोप परत घेत नाही, आणि डबल फूल म्हणजे मधही डबल,’ असे उत्तर मिळाले. पहिल्या वाक्याचे मला वाईट वाटले नाही. दुसऱ्याचा राग अजून गेलेला नाही, कारण रोपे विकण्यावरच ज्याचे पोट आहे, त्याला फुलाची रचना ठाऊक असायला हवी.

रंगाच्या बाबतीत मात्र निवड योग्य होती, असे मी आजही म्हणेन. मधमाश्यांना रंग दिसतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रयोगांनी दाखवले. त्यांना अतिनील, निळा आणि हिरवा या पट्ट्यांतला प्रकाश कळतो, तांबड्याची मात्र जवळजवळ जाणीव नसते. आपल्याला पांढरी दिसणारी बहुतेक फुले अतिनील प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे मधमाशीला ती पांढरी न दिसता निळसर-हिरवी दिसतात आणि पानांपासून वेगळी ओळखू येतात. अंधारात उडणाऱ्या पतंगांना फिका रंग आणि संध्याकाळी वाढणारा सुवास हे दोन्ही उपयोगी पडतात. अर्थात, रंगाने कीटक फुलाजवळ येतो, पण त्याला टिकवून ठेवण्यासाठी आत मध किंवा पराग असावाच लागतो.

सप्टेंबरपर्यंत माझे मत ‘पैसे वाया’ असेच होते. मग तगरीची पाने झपाट्याने कमी होताना दिसली आणि शोधल्यावर बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी सापडली. तोंडाच्या मागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके होते. ही डॅफ्निस नेरी या मोठ्या पतंगाची अळी, जी मुख्यतः कण्हेर, तगर यांसारख्या झाडांची पाने खाऊन वाढते. घरच्यांनी फवारणी सुचवली. मी ती होऊ दिली नाही, कारण पतंग हवे असतील तर त्यांच्या अळ्यांना पाने द्यावीच लागतात. काही दिवसांनी अळी तपकिरी झाली आणि कोशात जाण्यासाठी पालापाचोळ्यात उतरली, म्हणून त्या कोपऱ्यातला पाला झाडणेही मी थांबवले. तेव्हा डबल तगरीचे मूल्यमापन बदलावे लागते: फुलाला शून्य, पानांना पूर्ण गुण.

निशिगंधात हा फरक सहज टाळता येतो. श्रृंगार आणि प्रज्वल या एकेरी फुलांच्या जाती आहेत, तर सुवासिनी डबल आहे. कंद घेतानाच जातीचे नाव विचारावे. पांढरी सदाफुली वर्षभर फुलते, पण तिची नळी अरुंद असल्याने लांब सोंडेची फुलपाखरे आणि पतंग सोडले, तर इतरांना तिचा फारसा लाभ नाही.

खरा आनंद दिला तो जवळजवळ फुकटात आलेल्या झाडांनी. ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघरातले मूठभर धने रगडून पेरले आणि कोथिंबीर न तोडता तशीच वाढू दिली. डिसेंबरअखेर ती पांढऱ्या, किंचित गुलाबी छत्रीसारख्या फुलोऱ्यांनी झाकली गेली, आणि ऊन वर येताच लहान फुलोरी आणि सातेरी या जातींच्या मधमाश्या आणि फुलमाश्या यांची तिथे अक्षरशः रीघ लागू लागली. सब्जाच्या पांढऱ्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची एकटी फिरणारी माशीही येऊ लागली.

त्याच सुमारास कोंब आलेले कांदे लावून मी डोंगळे, म्हणजे कांद्याचे फुलांचे दांडे, धरले होते. त्यांचे गोंडे उमलले, तरी कोथिंबीर फुलावर असेपर्यंत माश्या तिकडे फारशा फिरकत नव्हत्या. कांद्याच्या मधात पोटॅशियम बरेच असते आणि दुसरे फूल उपलब्ध असले, की माश्या त्याला दुय्यम मानतात. कोथिंबीर संपल्यावर मात्र त्याच माश्या गोंड्याभोवती गोल फिरत, आतल्या पुंकेसरांच्या बुडाशी चमकणारा मधाचा थेंब टिपताना दिसू लागल्या. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बियाण्यासाठी डोंगळे लावणाऱ्यांना माश्यांवाचून गत्यंतर नाही.

उन्हाळी दुधीवर या वेळी मी हाताने परागीकरण केलेले नाही आणि तरीही फळे धरली आहेत. याचे सगळे श्रेय ताटव्याला देणे घाईचे ठरेल. येत्या जूनमध्ये शेजारच्या एकेरी तगरीच्या फांद्या लावणार आहे, आणि ऑक्टोबरपासून धने एकदम न पेरता तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरणार आहे, म्हणजे फुलोरा फेब्रुवारीपर्यंत पुरेल. रोपवाटिकेतून काही घ्यायचेच झाले, तर फुलावर आलेले रोप घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी फुलात पुंकेसर दिसतात का, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.