एकसरचे वीरगळ ते मंडपेश्वर: रविवारच्या पायी फेरीबद्दल

दहिसरला राहणाऱ्या माणसाला आपण साष्टी बेटावर (मुंबईची उपनगरं याच बेटावर आहेत) राहतो याचा पत्ता नसतो. लोकल भाईंदरच्या पुढे खाडीवर चढली की तेवढ्यापुरतं आठवतं, संपलं. भाचीने या फेरीचा मेसेज पाठवला तेव्हा "आपल्याच बोरिवलीत काय बघायचं?" म्हणतच नाव दिलं.

फेरी चालवणारे सगळे हौशी: कॉलेजची मुलं, एक आर्किटेक्ट, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. फी नाही, वाटलं तर डब्यात पैसे टाका. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने आणि पार्ल्याच्या साठये कॉलेजने २०१५च्या सुमारास सामान्य लोकांना सोबत घेऊन साष्टी पायी पिंजून काढायला घेतली होती. यांचं कामही त्याच धर्तीवर चालतं.

सकाळी सातला एकसर मेट्रो स्टेशनखाली जमलो आणि गल्लीबोळातून वीरगळांपाशी गेलो. पैसे वसूल म्हणतात तसं इथेच झालं (पैसे नव्हतेच, तरी). वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्टीत लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. पण इथल्या लढाईत चक्क गलबतं आहेत! एका मुलीने मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेने आडवा धरला आणि तोवर सपाट वाटणाऱ्या भागात वल्ह्यांची रांगच्या रांग उठून आली. मग प्रत्येकाला तसा धरायला लावला. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातल्या सागरी लढाईशी हे दगड जोडतात. काका दर वेळी "असं अभ्यासक मानतात" एवढंच म्हणायचे, छातीठोक काही नाही. मला हे फार आवडलं. गाइड लोक सहसा शपथेवर सांगतात.

नंतर नोंद कशी करतात ते शिकवलं. मापाची काळी-पांढरी पट्टी शेजारी ठेवून फोटो, उंची, रुंदी, तोंड कुठल्या दिशेला, पूजा कोण करतं. गधेगळाचे फोटोही दाखवले: वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली ती दगडातली शिवी बघून आमच्यातल्या दोन काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढे मंडपेश्वर. लेणं शैव, आत नटराज आणि शिव-पार्वतीचं लग्न. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्याचं चर्च केलं आणि वर मठ बांधला, त्याच्या बिनछपराच्या भिंती अजून उभ्या आहेत. एका भिंतीवरची मूर्ती तासून तिथे मोठा क्रूस कोरलाय. तो आम्हालाच शोधायला लावला, सांगितला नाही. मराठ्यांनी साष्टी घेतली तो भाग मात्र दोन वाक्यांत उरकला, का ते कळलं नाही.

आता तक्रारी. वीस-पंचवीस माणसं आणि माइक नाही. रस्त्यावर मागच्यांना फक्त रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात. मधे टॉयलेटची सोय कुठे, हे आधी सांगितलेलं नव्हतं आणि आमच्यासारख्या पन्नाशीच्या बायकांना ते जड जातं. शिवाय दहापर्यंत संपेल म्हणाले, अकरा वाजून गेले. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका.

सेल्फीसाठी येणाऱ्याला कंटाळा येईल, कारण एकेका दगडापाशी ही मंडळी पाऊण तास रेंगाळतात. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं मात्र जरूर न्या, त्यांना मोजायचं काम मिळतं. वही, टॉर्च, पाणी, टोपी हवीच. पुढची फेरी अंधेरीच्या महाकाली लेण्यांची आहे. मी नाव दिलंय, टॉयलेटचं विचारूनच.