जुनं विमान घेताय? टाकी कुठल्या जातीची आहे ते आधी बघा

इंजिनाचे तास, रेडिओ, पेंट, हे सगळं लोक पहिल्या फोनवरच विचारतात, पण पंखातली टाकी कसली आहे हे क्वचितच कोणी विचारतं, आणि नंतर खिशाला भोक पाडते ती हीच. इथे अमेरिकेत दोघातिघांत मिळून साठ-सत्तरच्या दशकातलं विमान घ्यायचं म्हटलं की फिरून फिरून तीन नावं समोर येतात, पायपर चेरोकी, सेस्ना १८२ आणि मूनी एम२०, आणि गंमत म्हणजे तिघांच्या टाक्या तीन जातीच्या. चेरोकीत ॲल्युमिनियमची टाकी, स्क्रू काढले की अख्खी बाहेर येते. १८२ मध्ये, १९७८ पर्यंतच्या मॉडेलला, पंखाच्या पोकळीत बसवलेली रबरी पिशवी, म्हणजे आपली पखालच म्हणा ना, तिला ब्लॅडर म्हणतात. मूनीत वेगळी टाकीच नाही, पंखाचाच तेवढा भाग आतून सीलंट लावून बंद केलेला, वेट विंग.

माझं मत आधीच सांगतो. गळणाऱ्या टाकीला मी तेवढा घाबरत नाही, गळत नाही पण पोटात पाणी दडवून बसते तिला घाबरतो.

मूनी या बाबतीत प्रामाणिक आहे. छोट्या विमानांचं १००एलएल नावाचं पेट्रोल निळं असतं, त्यामुळे कुठे पाझरलं की पंखाखाली निळा डाग पडतो, पाठीवर झोपून टॉर्च मारला की दिसतो. डाग पुसून कोरडा करायचा, अर्धा तास थांबायचं आणि ओल किती पसरली ते मोजायचं. पाऊण इंचाच्या आत असेल तर नुसता डाग, दीड इंचापर्यंत झिरप, चार इंचापर्यंत मोठी झिरप, आणि थेंब पडायला लागले तर विमान जागेवरच. बंद जागेत, जिथे वाफ साठते तिथे गळत असेल तर मात्र लहान-मोठं काही बघायचं नाही, तेव्हाही विमान जागेवरच. आता त्रास असा की बाहेर डाग जिथे दिसतो तिथेच आतलं भोक असेल असं नाही, पेट्रोल सीलंटखालून सरपटत कुठल्या कुठे जाऊन बाहेर येतं, म्हणून ठिगळं लावत बसलात की एक बंद होतं आणि दुसरं सुरू होतं. सगळं जुनं सीलंट खरवडून नवीन लावायचं तर दहा हजार डॉलरच्या आसपास तयारी ठेवा. मूनीत ब्लॅडर बसवून घेणारेही आहेत, पण मग वजन वाढतं आणि पखालीचे गुण पदरात पडतात ते वेगळेच.

ते गुण म्हणजे सुरकुत्या. पिशवी नीट ताणून बसली नाही तर तळाला घडी पडते, त्या घडीमागे पाणी अडतं आणि ड्रेनपर्यंत, म्हणजे उड्डाणाआधी सॅम्पल काढायच्या तळाच्या भोकापर्यंत, येतच नाही. यावरूनच एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने, सेस्नाच्या ब्लॅडरवाल्या विमानांसाठी एडी (सक्तीचा आदेश) ८४-१०-०१ काढला, सुरकुत्या तपासायला लावणारा. आमच्या १८२ मध्ये एकदा रात्रभर पावसात उभं राहिल्यावर सकाळी तीनदा सॅम्पल काढलं, तिन्ही वेळा स्वच्छ निळं. पार्टनरने शेपूट खाली दाबली, मी पंख वरखाली हलवले, थोडं थांबून परत काढलं तर कपाच्या तळाशी बोटभर पाणी, वर निळं, मध्ये काचेसारखी रेघ. पाणी आलं कुठून तर पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या जुन्या झाकणांतून. वर उचललेली, छत्रीसारखी झाकणं लावली तेव्हा कुठे थांबलं.

व्हेंटही बघा, म्हणजे टाकीत हवा आत घेणारी नळी. कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलं तर इंजिन पेट्रोल ओढतं, हवा आत येत नाही आणि पिशवी वर खेचली जाते, तिच्याबरोबर गेजचा फ्लोटही, म्हणजे पेट्रोल कमी आणि काटा भरलेला दाखवतो. टाकीत काठी बुडवून बघायची सवय मला हे कळल्यानंतरच लागली. आणि पिशवी रिकामी ठेवू नका, रबर सुकून तडकतं. बदलायची वेळ आली की पिशवीचे हजार-दोन हजार डॉलर, वर मजुरी, कारण ती गरम करून घडी घालून, टाल्कम पावडर लावून लहानशा भोकातून आत सारायची असते.

चेरोकीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे आणि हीच तिची तारीफ. एका बाजूला २५ गॅलन, टाकी काढा, टेबलावर ठेवून तपासा, परत बसवा. पन्नास वर्षांचे गंजलेले स्क्रू निघता निघत नाहीत, तेवढी शिवीगाळ धरून चाला. पण टाकी काढली की तिच्यामागचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, उघडा पडतो, पायपरचं सर्व्हिस बुलेटिन (कंपनीचं सूचनापत्रक) १००६ नेमकं टाकी आणि स्पारच्या गंजासाठीच आहे, ते कधी केलं ते लॉगबुकात शोधा. आधीच्या मालकाने गळती बुजवायला आत स्लॉशिंग कंपाउंड, म्हणजे आतून लेप बसवणारं रसायन, ओतलं होतं का तेही विचारा, कारण ते पुढे पापुद्रे होऊन सुटतं आणि जाळीत अडकतं.

हँगर नसेल, पावसाळी ठिकाणी राहत असाल, महिन्यातून एकदाच उडत असाल तर डोळे झाकून चेरोकी. लांबचं आणि वेगात जायचं असेल आणि सीलंट नुकतंच बदललेलं असेल तर मूनी. चार माणसं आणि सामान न्यायचं असेल तर १८२ला तोड नाही, फक्त ब्लॅडर केव्हाचे आहेत ते कागदावर बघा.

आणि बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या संध्याकाळी टाक्या काठोकाठ भरून ठेवायला सांगा, पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या. अर्ध्या टाकीवर वरचे सांधे कोरडेच राहतात, त्यामुळे सकाळी पंखाखाली सगळं छान दिसतं.