बिलिंग-स्टॉकचा संच: काउंटरवर चोख, आवकेच्या दारात ढिला

छोट्या दुकानासाठी सॉफ्टवेअर, हातातला स्कॅनर आणि थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) प्रिंटर असा जो एकत्र संच मिळतो, तो दाखवण्याची रीत ठरलेली आहे. विक्रेता एक वस्तू स्कॅन करतो, 'टिंग' वाजतं, बिल बाहेर येतं आणि बघणारा खूश होतो. खरं तर झटपट बिल हा या संचाचा सगळ्यात कमी कामाचा गुण. बिल करताना पैसा क्वचितच बुडतो. तो बुडतो माल आत घेताना, दर लावताना आणि रात्री गल्ला मोजताना. हे परीक्षण त्यामुळे मुख्यतः याच तीन जागांचं आहे.

सगळ्यात आधी आवकेचा, म्हणजे आलेला माल नोंदवायचा, स्क्रीन उघडून पाहा. पुरवठादाराच्या बिलावर '5 बॉक्स' लिहिलेलं असतं, विक्री मात्र नगावर. एका बॉक्समध्ये 24 नग असतील तर शिल्लक 120 ने वाढायला हवी. हे रूपांतर वस्तूच्या खात्यात भरलेलं नसेल तर सॉफ्टवेअर निमूटपणे 5 नग जमा करतं आणि सहाव्या नगाला शिल्लक उणे एक होते. 'उणे शिल्लकेतही विक्री चालू ठेवा' ही सोय चालू असली की काउंटर अडत नाही, आणि म्हणूनच चूक महिनाभर कुणाला दिसत नाही. शिवाय खरेदीचा सरासरी दर शिल्लक नगांवरून निघतो. शिल्लकच उणे झाली की तो दर आणि त्यावरचा नफ्याचा अहवाल, दोन्ही भरकटतात. तरी ही सोय एकदम बंद करू नका. गिऱ्हाईक माल हातात घेऊन उभं आहे आणि यंत्र म्हणतंय माल नाही, असा तमाशा होतो. रोज दुकान बंद करताना उणे शिल्लकेची यादी काढावी. तिच्यात आलेल्या वस्तूची आवक चुकली किंवा राहिली असेल, नाहीतर तिच्या नावावर भलतीच वस्तू विकली गेली असेल.

याच स्क्रीनवर एक सोय आहे जिचं कौतुक फार होतं आणि नुकसानही तीच करते: मागणीपत्रावरून आवक आपोआप भरणं. 50 मागवले, 46 आले, आणि रकान्यात आधीच 50 लिहिलेलं असतं. गर्दीच्या वेळी माल उतरवून घेणारा माणूस मोजत बसत नाही, 'सेव्ह' दाबतो. मोजलेल्या नगांचा रकाना कोरा ठेवता येत असेल तोच संच चांगला. मागणी, मोजणी आणि पुरवठादाराचं बिल हे तीन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत, आणि ते जुळेपर्यंत बिलाचे पैसे सोडू नयेत.

दराच्या बाबतीत बहुतेक सॉफ्टवेअर टक्केवारी विचारतं, पण कशावरची टक्केवारी ते नीट सांगत नाही. 80 ला घेतलेली वस्तू 100 ला विकली तर खरेदीवर 25 टक्के चढवले, पण विक्रीवर नफा 20 टक्केच. विक्रीवर 25 हवे असतील तर 80 ला 0.75 ने भागायचं, म्हणजे दर सुमारे 106.67 येतो. हा गोंधळ वर्षभर चालला तर विक्री वाढत असूनही भाडं भागत नाही, आणि दोष गिऱ्हाइकांच्या घासाघिशीवर जातो. दुसरी गोष्ट, नवा माल महाग आला की विक्रीचा दर बदलण्याची आठवण सॉफ्टवेअरने आवकेच्या वेळीच करून दिली पाहिजे. 10 नग 100 ने आणि पुढचे 10 नग 120 ने आले तर सरासरी 110 होते. पण पुढची खेप 120 नेच भरायची आहे हे विसरून चालत नाही.

स्कॅनरबद्दल तक्रार कमी. तो संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो: आकडे टाइप करतो आणि शेवटी 'एंटर' दाबतो. त्यामुळे टायपिंगची भाषा मराठीवर राहिली असेल तर कोडातली अक्षरं देवनागरीत उमटतात आणि 'वस्तू सापडली नाही' असा संदेश येतो. स्कॅनर बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी एवढं तपासा. वस्तूंची यादी एक्सेलमधून चढवताना मात्र जपून. तेरा आकडी बारकोड तिथे 4.00638E+12 असा आखडतो, आणि फाइल तशीच सीएसव्ही या साध्या मजकुराच्या प्रकारात जतन झाली की शेवटचे आकडे कायमचे जातात; सुरुवातीचं शून्यही गळतं. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा. सुट्या मालावर स्वतःची लेबलं लावायची असतील तर 20 ते 29 ने सुरू होणारे क्रमांक वापरा. ते दुकानांच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, कारखान्यातून आलेल्या कोडाशी टक्कर होत नाही.

प्रिंटर 58 मिलिमीटरचा की 80 चा? 58 च्या कागदावर ओळीत साधारण 32 इंग्रजी अक्षरं बसतात, 80 वर 48. वस्तूंची नावं लांब असतील तर 80 च घ्या. देवनागरी बिल पुष्कळदा चित्र म्हणून छापलं जातं, त्यामुळे किंचित सावकाश निघतं. थर्मल छपाई उष्णतेने, उजेडाने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात पुसट होते, म्हणून खर्चाच्या पावत्या आल्या दिवशीच फोटो काढून ठेवाव्यात.

गल्ला बंद करण्याची सोय या संचाचं सगळ्यात मोलाचं अंग, आणि बहुतेक जण तीच नीट वापरत नाहीत. स्क्रीनवर 'अपेक्षित रोकड' आधी दिसत असेल तर मोजणारा तो आकडा जुळेपर्यंतच मोजतो. आधी मोजलेली रक्कम भरायची आणि मगच फरक दिसायचा, अशी मांडणी असेल तर ती निवडा. फरकाचा आकडाही बोलतो. त्याला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल तपासा: 540 च्या जागी 450 लिहिलं की फरक 90. फरक एखाद्या बिलाएवढाच असेल तर रोख आणि कार्ड यांत गल्लत झालेली असू शकते. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी खर्चात, किंवा उलट, गेलेली असू शकते. सकाळी सुट्या पैशांसाठी गल्ल्यात ठेवलेली रक्कम वेगळी नोंदवली नसेल तर मात्र यातलं काहीच लागू पडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय करता येईल, त्या परवानग्यांमध्ये एकच आग्रह धरा: बिल रद्द करता यावं, पुसता येऊ नये. रद्द बिलाचा क्रमांक, वेळ आणि करणाऱ्याचं नाव राहिलंच पाहिजे. काउंटरवर सगळे जण मालकाच्याच पासवर्डने बसत असतील तर ही नोंद निरुपयोगी.

'माल मागवा' असा इशाराही मिळतो, पण त्याची पातळी सहसा अंदाजाने 10 भरलेली असते. रोजची सरासरी विक्री 6, माल यायला 7 दिवस आणि हाताशी 18 जादा ठेवायचे असतील, तर पातळी 60 हवी.

घेण्यापूर्वी चाचणीच्या मुदतीत दोन गोष्टी करून पाहाच. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचं बिल दिसतं का ते बघा. बॅकअप 'यशस्वी' म्हणणं वेगळं आणि उघडणं वेगळं. आणि वस्तू, शिल्लक, उधारीची सगळी खाती साध्या फाइलीत बाहेर काढून दाखवायला सांगा. विक्रेता इथे चाचपडला तर संच घेऊ नका, बिल कितीही झटपट निघो.