पेटी, जीसुंग की दागिने: कोरियन हानजीपासून व्यवसाय करताना कोणती वाट धरावी

दक्षिण कोरियात हानजी या पारंपरिक कागदाच्या वस्तू हाताने घडवून विकण्याचा विचार करणाऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली वाट जाड पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर रंगीत कागद चढवून पेट्या, तबके, छोटी कपाटे आणि दिवे करण्याची आहे. दुसरी कागदाच्या दोऱ्या वळून त्या विणण्याची, म्हणजे जीसुंगची, आणि तिसरी दागिन्यांची. कागद तिन्हींत तोच असला, तरी लागणारा वेळ, जागा, भांडवल आणि मिळणारा ग्राहक इतके वेगळे आहेत की एकीचा अनुभव दुसरीत फारसा कामाला येत नाही. विक्री लवकर सुरू व्हावी अशी ज्याची निकड आहे त्याने दागिन्यांपासून आरंभ करावा, मात्र त्यांत कागद कागदासारखा दिसला पाहिजे, असे माझे मत आहे.

निवड करण्याआधी कागदाची प्रकृती समजून घेतली पाहिजे. हानजी दाक नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून होतो. हिवाळ्यात तोडलेल्या फांद्या वाफवून त्यांची साल सोलतात, वरचा काळा पापुद्रा खरवडून आतली पांढरी साल राखेच्या क्षारयुक्त पाण्यात शिजवतात, धुतात, कुटतात आणि पाण्यात मिसळतात. या पाण्यात भेंडीच्या जवळच्या नात्यातील एका वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात, त्यामुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात. जुन्या पद्धतीत एकाच दोरीला टांगलेली चौकट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवून कागद उचलतात. या दुहेरी हालचालीने तंतू एकमेकांत आडवे-उभे गुंततात आणि कागद कोणत्याही दिशेने सहजासहजी फाटत नाही. लांब तंतू हेच या कागदाचे भांडवल आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून होणारा कागद हाताळलेल्या मराठी वाचकाला फरक लगेच जाणवेल: तो कागद जाड आणि भरीव असतो, पण त्याच्या पट्टीला पीळ देऊन दोरी वळू म्हटले तर ती तुटते. हानजीची दोरी मात्र वजनही पेलते. ग्योंगजू येथील बुलगुक्सा मंदिराच्या स्तूपात 1966 मध्ये सापडलेली, इ.स. 751 पूर्वीची मानली जाणारी छापील धारणी, म्हणजे बौद्ध मंत्रपाठ, याच जातीच्या कागदावर आहे. ग्राहकाला टिकाऊपणाबद्दल सांगताना एवढा एक दाखला पुरतो.

पेट्यांची वाट शिकायला सर्वांत सोपी आहे. सोलमधील इन्सादोंग असो वा जोन्जू आणि वोन्जू ही हानजीची शहरे असोत, नवशिक्यांच्या वर्गांत बहुधा पेटी किंवा दिवाच शिकवतात. पुठ्ठ्याचे तयार कापलेले भाग मिळतात, ते जोडून त्यावर आधी साध्या कागदाचा आणि मग रंगीत कागदाचा थर खळीने चढवायचा, कात्रणांची नक्षी चिकटवायची आणि सुकल्यावर वार्निशचे हात द्यायचे. ओबांगसेक म्हणजे निळा, पांढरा, लाल, काळा आणि पिवळा या पाच पारंपरिक रंगांची संगती सांभाळली की पहिलीच पेटीही देखणी होते. अडचण नेमकी येथेच आहे. जे पहिल्या प्रयत्नात देखणे होते ते सर्वांनाच करता येते, आणि बाजारात ते मुबलक असते. शिवाय पेटी जागा फार खाते: सुकत ठेवायला जागा, साठवायला जागा, आणि पाठवताना तर जागेचेच पैसे. वीस सेंटिमीटर बाजूची पेटी नीट वेष्टनात घातली की खोका सव्वीस सेंटिमीटरचा होतो. हवाई कुरिअरमध्ये लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला 5000 ने भागून आकारमानाचे वजन काढण्याची प्रथा आहे, त्या हिशेबाने एक किलोहूनही हलकी ही पेटी साडेतीन किलोची ठरते. परदेशी ग्राहक बहुतेक वेळा या आकड्यापाशीच थांबतो.

दिव्यांचे थोडे निराळे आहे. मागून उजेड आला की हानजीतले तंतू स्पष्ट दिसतात आणि कागद स्वतःच नक्षी होतो. पेटीपेक्षा दिव्याला चांगली किंमत येते ती यामुळे, आणि एलईडीमुळे उष्णतेची जुनी भीतीही राहिलेली नाही. पण वायर, बटण आणि होल्डर आले की ती विजेची वस्तू होते. कोरियात अशा वस्तूंना सुरक्षा प्रमाणनाची केसी खूण लागते आणि युरोपात सीई या तशाच खुणेचे नियम लागू होतात. एकट्या कारागिराला हे जड जाते, म्हणून दिव्यावरचे केवळ कागदी आवरण विकून आतला दिवा ग्राहकावर सोपवणे किंवा आधीच प्रमाणित असलेला दिव्याचा संच वापरणे, हे दोनच व्यवहार्य उपाय मला दिसतात.

जीसुंगचा विचार करताना उत्साह आवरावा लागतो, कारण तिन्हींत सर्वांत सुंदर काम हेच आहे. तंतूंच्या दिशेने साधारण बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, अंगठा आणि तर्जनी यांच्यात वातीसारख्या वळायच्या, असे दोन पदर पुन्हा एकमेकांवर पिळून दोरी करायची आणि मग टोपलीच्या विणीने भांडे घडवायचे. वळताना पीळ सर्वत्र सारखा पडला नाही, तर विणीत ते ठिकाण फुगीर दिसते आणि नंतर कोणताही लेप ते झाकू शकत नाही. जोसन या जुन्या कोरियन राजवटीच्या काळात कागद महाग असल्याने टाकाऊ ग्रंथांची पाने यासाठी वापरत. अशा जुन्या भांड्यांवर शाईचे काळे ठिपके विखुरलेले दिसतात, ते वळलेल्या अक्षरांचे अवशेष असतात. नववधूच्या पालखीत ठेवायचे लघवीपात्रसुद्धा जीसुंगने विणून लाखेसारख्या लेपाने जलरोधक करीत. ते हलके असे आणि त्याचा आवाज होत नसे, अशी त्यामागची व्यवहारी दृष्टी होती. आज एखादे मध्यम भांडे विणायला आठवडे लागतात आणि तासांचा हिशेब मांडून त्याची किंमत ठरवली, तर साधा ग्राहक मागे फिरतो. हे काम प्रदर्शने, कलादालने आणि संग्राहक यांच्यासाठी आहे. सोलमध्ये डिसेंबरात भरणाऱ्या क्राफ्ट ट्रेंड फेअरसारख्या ठिकाणी ते योग्य नजरेला पडते. घरखर्च ज्याच्या विक्रीवर अवलंबून आहे, त्याने केवळ जीसुंगवर विसंबू नये.

दागिन्यांची बाजू हिशेबाने भक्कम आहे. हानजीचा नेहमीचा ताव साधारण 63 × 93 सेंटिमीटरचा असतो. तीन बाय चार सेंटिमीटरचे, प्रत्येकी सहा थरांचे कानातले धरले, तर एका जोडाला 144 चौरस सेंटिमीटर कागद लागतो, आणि कापताना वाया जाणारा भाग सोडूनही एका तावात तीसेक जोड बसतात. वर सांगितलेल्या पेटीला आतून-बाहेरून एकदा मढवायलाच जवळजवळ तेवढा ताव संपतो. कानातले वजनाला नगण्य असतात, जाड लिफाफ्यात जातात, आणि जड दागिन्यांनी कानाची पाळी ओघळलेल्या स्त्रियांना हा हलकेपणा हातात घेताच पटतो.

तरीही सगळे कागदी दागिने एका मापाने मोजता येत नाहीत. पट्टी गुंडाळून केलेले मणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होतात, पण तसे मणी जगभर कोणत्याही कागदाचे होतात आणि त्यांत हानजीचे वेगळेपण उरत नाही. रेझिनमध्ये कागद बुडवून केलेली पदके चकचकीत दिसतात, पाण्याला दाद देत नाहीत, आणि पाहणाऱ्याला प्लॅस्टिकची वाटतात. एवढा चांगला कागद घेऊन तो प्लॅस्टिकमागे लपवण्यात मला अर्थ दिसत नाही. उरतात दोन प्रकार: थर चिकटवून कडक केलेले पत्रे आणि बारीक दोरीचे जीसुंग. थरांच्या पत्र्यात कडा कात्रीने न कापता पाण्याच्या ओल्या रेषेवर फाडली, तर तंतूंची नाजूक झालर बाहेर राहते आणि ती छायाचित्रातही दिसते. जीसुंगच्या दोरीचे लहान पदक किंवा ब्रोच एक-दोन दिवसांत होते, म्हणजे त्या कलेचे सौंदर्य परवडणाऱ्या किमतीत येते. या दोहोंवर मी सर्वाधिक भर देईन.

लेपाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही, कारण घाम, अत्तर आणि पाऊस यांच्यापुढे उघडा कागद टिकत नाही. पाण्यात मिसळणारे मॅट वार्निश सुरक्षित आणि सोपे असते, तंतूंचा पोत बऱ्यापैकी राखते, पण आंघोळीत घालण्याइतके संरक्षण देत नाही आणि हे ग्राहकाला आधीच लिहून सांगावे. ओतचिल हा झाडाच्या चिकाचा पारंपरिक लेप कठीण आणि दीर्घायुषी असतो, मात्र तो तपकिरी-काळा रंग आणतो आणि सुकण्यासाठी उबदार, दमट पेटी मागतो. हे झाड बिब्ब्याच्याच कुळातले आहे. बिब्बा उतल्यावर अंगाचे काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कच्च्या ओतचिलशी हातमोजे घालून का वागायचे हे वेगळे सांगायला नको. पूर्ण वाळलेला लेप सहसा त्रास देत नाही. कागदाइतकेच लक्ष कानात अडकवायच्या धातूच्या आकड्यांकडेही द्यावे लागते: युरोपीय संघात टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागातून निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर 0.2 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. स्वस्त आकड्यांवर वाचवलेले पैसे एका तक्रारीत जातात, त्यामुळे चांदीचे किंवा टायटॅनियमचे आकडे घ्यावेत.

विक्रीच्या ठिकाणांबाबत थोडक्यात सांगायचे, तर कोरियातील ग्राहकासाठी नेव्हर या कोरियन संकेतस्थळावरचे दुकान आणि हस्तकलेला वाहिलेली आयडियस ही ऑनलाइन बाजारपेठ, परदेशी ग्राहकासाठी एट्सी ही ऑनलाइन बाजारपेठ, आणि समोरासमोर विक्रीसाठी जोन्जूची हानोक म्हणजे पारंपरिक कोरियन घरांची वस्ती व इन्सादोंग अशी विभागणी पडते. पेट्या समोरासमोर खपतात, दागिने दोन्हीकडे. अमेरिकेवर भिस्त ठेवणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबली आहे, त्यामुळे वीस-तीस डॉलरच्या कानातल्यांवरही आता शुल्क आणि त्याच्या कागदपत्रांचा खर्च चढतो. पूर्वी दागिन्यांच्या बाजूने असलेला हा मोठा मुद्दा त्यामुळे काहीसा बोथट झाला आहे. पेट्यांना तो लाभ वाहतूक खर्चामुळे फारसा कधी मिळालाच नव्हता.

ज्यांचा ओढा शिकवण्याकडे आहे, त्यांचे गणित उलटे होते. दोन तासांत पर्यटकाला पूर्ण वस्तू हातात देता येते ती छोट्या पेटीत किंवा दिव्यात. दागिन्याचा लेप तेवढ्यात वाळत नाही आणि जीसुंगमध्ये दोन तासांत जेमतेम दोरी वळते. म्हणून दुकानाला जोडून वर्ग चालवायचा असेल, तर पेट्यांची वाट पुन्हा वर येते, आणि खपाऐवजी फीवर तिचा हिशेब जमतो. कोरियात शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मुलामुलींनी यांतले काहीही सुरू करण्याआधी आपल्या निवास परवान्यात व्यवसायाची मुभा आहे का, हे पाहून घ्यावे.

कागद विकत घेताना तो यंत्राने केलेला आहे की हाताने, हा भेद तिन्ही वाटांवर सारखा लागू होत नाही. पेटीच्या आतल्या थराला यंत्राने केलेला, परदेशी दाकचा स्वस्त रंगीत कागद पुरेसा असतो, तेथे हाताच्या कागदाचे पैसे मोजणे उधळपट्टी ठरेल. जीसुंगला मात्र लांब तंतूंचा हाताचा कागदच हवा, नाहीतर पीळ देताना पट्टी तुटत राहते. दागिन्यांत बाहेरचे एक-दोन थर हाताच्या कागदाचे आणि आतले यंत्राच्या कागदाचे ठेवता येतात, फक्त वर्णनात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. दुकानात ताव निवडताना एक कोपरा ओला करून हळूच ओढून पाहावा: तंतू लांब सुटे होत केसांसारखे बाहेर आले, तर तो ताव जीसुंगच्या कामाचा समजावा आणि कडा सरळ तुटली तर पेटीसाठी ठेवावा.