अविपत्तिकर चूर्ण: डबीत नेमकं काय असतं?

आम्लपित्त म्हटलं की इंदुरात कुणी ना कुणी हीच डबी पुढे करतं. घेण्याआधी तिचा पाठ, म्हणजे घटक आणि त्यांचं प्रमाण, बघा. सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलची, तमालपत्र या 11 जिनसा एकेक भाग. लवंग 11 भाग, निशोत्तर 44, साखर 66. एकूण 132. म्हणजे निम्मी डबी साखरच, आणि तिसरा हिस्सा निशोत्तर, म्हणजे रेचक. जळजळीबरोबर पोटही साफ होत नसेल तर हे चूर्ण छान लागू पडतं. आधीच पातळ होत असेल तर मुरडा तेवढा वाढेल.

डबी उघडताच आधी लवंगेचा वास यायला हवा. जिभेवर गोड, मागून तुरट-तिखट. पावसाळ्यात साखर ओल धरते आणि चूर्णाचे गोळे होतात, त्यात ओला चमचा घातला की संपलंच. सुटं चूर्ण स्वस्त पडतं, पण निशोत्तर किती पडलंय ते कळत नाही. प्रमाण छापलेली छोटी डबी बरी.

सपाट चमचा, साधारण 3 ग्रॅम, जेवणाआधी पाण्याबरोबर. त्यात दीड ग्रॅम साखर जाते, मधुमेहींनी हिशेबात धरावी. गरोदरपणी नकोच.

घशाशी येणं मात्र या चूर्णानं थांबत नाही. रात्री बाराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन लगेच आडवं झालं तर कुठलं चूर्ण काय करणार? जेवण आणि झोप यात 3 तास ठेवा, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर 6 इंच चढवा (नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडून दाब उलट वाढतो), डाव्या कुशीवर झोपा. हे फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

‘अल्सर भरून येतो’ असं दुकानात सांगितलं तर मानू नका. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांमुळे होतात. वॉरन आणि मार्शल यांना या जिवाणूच्या शोधाबद्दल 2005 साली नोबेल मिळालं. तो घालवायला प्रतिजैविकांचा कोर्स लागतो, बहुधा 14 दिवसांचा. श्वासाची तपासणी करायची असेल तर आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून 2 आठवडे आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल कोरा येतो. डांबरासारखी काळी शौच किंवा उलटीत रक्त दिसलं तर डबी बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठा.