केप पॉइंट की केप अगुलास? केप टाउनमधला एक मोकळा दिवस

केप टाउनला गेलात आणि हाताशी एकच दिवस उरला, की हा प्रश्न पडतोच. दोन्हीकडे भूशिर, दोन्हीकडे दीपगृह. केप पॉइंट शहरापासून साठ-सत्तर किलोमीटर. अगुलास दोनशेच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास गाडीतच. पहिल्यांदाच जात असाल, तर माझं मत केप पॉइंटला.

तिथला कडाच तसा आहे. जुनं दीपगृह समुद्रसपाटीपासून 238 मीटरवर. वर न्यायला फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे, पण गुडघे साथ देत असतील तर चालतच चढा. फॉल्स बे हा उपसागर हळूहळू उलगडत जातो. वर कठड्याला धरून उभं राहिलं की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतं, आणि खाली घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या पाठी दिसतात.

ही उंचीच त्या दीपगृहाला नडली. 1860 च्या सुमाराचं हे बांधकाम. धुकं किंवा ढग उतरले की दिवा झाकला जायचा. हवा स्वच्छ असली की तो पूर्वेकडे वळणाऱ्या जहाजांना फार लवकर दिसायचा आणि ती कड्याच्या नको तितकी जवळ यायची. 18 एप्रिल 1911 ला ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज जवळच्या बेलोज रॉकवर आदळून फुटलं. (1915 मध्ये बुडालेलं ब्रिटिश लुसितानिया वेगळं.) मग नवं दीपगृह खाली, 87 मीटरवर बांधलं. बरेच जण जुन्यापाशी फोटो काढून परततात. तसं करू नका. टोकाकडच्या पायवाटेने पुढे जाऊन खालचं दीपगृहही बघा. बबून माकडांपासून मात्र जपा. गाडीचं दार लॉक हवं, हातात खाऊ नको.

अगुलासला कडा नाही. सपाट, खडकाळ किनारा. पाहताक्षणी थोडी निराशाही होईल. पण आफ्रिकेचं दक्षिण टोक हेच, आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची सीमा इथेच मानतात, केप पॉइंटला नाही. समुद्राकडे तोंड करून उभे राहा: डावीकडे हिंदी, उजवीकडे अटलांटिक. पाण्यात रेघ वगैरे दिसत नाही, तरी मला तिथून हलवेना. अगुलास म्हणजे पोर्तुगीजमध्ये सुया. त्या काळी इथे होकायंत्राची सुई थेट खऱ्या उत्तरेकडे रोखायची, असं सांगतात.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं इथलं दीपगृह 1849 पासूनचं, आणि त्याच्या आत चढता येतं. जिने जवळजवळ शिड्याच. उतरताना तोंड पायऱ्यांकडेच ठेवावं लागतं. वयस्कर मंडळींना आग्रह करू नका.

एक रात्र हाताशी असेल तर मात्र माझा कौल बदलतो. केप पॉइंटच्या अभयारण्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे अंधारात तिथला दिवा बघायला थांबता येत नाही. अगुलासला गावातच मुक्काम करता येतो. जेवण उरकून किनाऱ्यावर या, दर पाच सेकंदांनी तो झोत समुद्रावर जाताना दिसेल.