१५ किलोचा रोक्ना नांगर: आता रात्री झोप लागते

आमच्या ३२ फुटी शिडाच्या बोटीचा जुना नांगर मांडव्यासमोर प्रवाह फिरला की घसरायचा. दोनदा पहाटे तीनला उठून इंजिन चालू केलंय. मग १५ किलोचा रोक्ना घेतला. वरची कमान त्याला उलटा पडू देत नाही, खोलगट पातं गाळात पटकन रुततं. साखळी ८ मिलिमीटरची. ती सोडायची भरतीच्या हिशेबाने: ओहोटीला ४ मीटर पाणी, त्यावर ४ मीटर भरती, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर, एकूण ९, त्याच्या पाचपट धरून ४५ मीटर. इथेच बरेच जण चुकतात. कमान पुढच्या रोलरवर (नांगर वर घेतल्यावर जिथे टेकतो त्या चाकावर) मावते का, ते आधी पुठ्ठा कापून बघा. मी आळस केला, रोलर बदलावा लागला. मुंबईचा काळा चिखल साखळीबरोबर वर येणारच, बादली जवळ असू द्या.